गारगोटीकडे जाणाऱ्या प्रवाशांनी

शनिवार, १० मार्च १९६२

कोल्हापूर स्टँडावरनं सकाळची गारगोटी पुकारली. कुणी आलं नाही.

मग कागल, मग राधानगरी, मग गडमुडशिंगी. मुडशिंगीला एरवी खिडकीतनं आत शिरायची माणसं – आधी टोपी, मग टोपली, मग पोरगं. आज फलाटावर नुसता वारा. वीज गेल्यापासून लाउडस्पीकर मुका आहे. सिनेमाची जाहिरात करत फिरणाऱ्या टांग्यातला पत्र्याचा कर्णा उचलून आणलाय. त्यातनं आवाज असा जातो की पार शाहूपुरीतली कबुतरं उठतात. बरं वाटतं. कुणीतरी उठतं!

ड्युटी संपवून स्टँडामागच्या मारुतीला तेल घातलं. शनिवार ना. ग्रहांनी करायचं ते करून झालं, आता एकट्या शनीला काय घाबरायचं – पण सवय. चपला बाहेर काढल्या. करकरी चपला आहेत माझ्या, तळात काय भरतात ते करणाऱ्यालाच ठाऊक, पण पाऊल टाकलं की बोलतात. शेवंता म्हणायची, "करकर ऐकली की तवा ठेवती मी. गल्लीच्या तोंडाशी आलासा की कळतंय."

आत मारुती, बाहेर सगळं गाव रिकामं, आणि मी चपला जोडीनं भिंतीशी लावतोय. माझं मलाच हसू आलं.

रविवार, ११ मार्च

सुट्टी. तरी कामावर गेलो. घरी बसून कुणाशी भांडू?

मंगळवार, १३ मार्च

मंगळवार आला की जीव खालीवर होतो. आज सगळं एकदा लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला, सोमवारी, आठ ग्रह एका राशीला आले. पंचांगवाले कधीपासून सांगत होते – प्रलय होणार. आम्ही हसलो. चौकाचौकात होम चालले होते, स्टँडावर धूर यायचा, डोळे चुरचुरायचे. कँटीनचा अण्णासो मिसळीवर कट जास्त ओतायला लागला. "मरायच्या आदी तोंड तरी पोळू द्या की!" म्हणायचा. दुकानदारांनी मात्र शहाणपणा केला, फळ्या लावून कुलपं ठोकून घरी बसले.

त्या दुपारी मी पार्सलखोलीत कुणाचा तरी हरवलेला पेटारा शोधत होतो. तिला खिडकी नाही, दार लोटलेलं. बाहेरचा आवाज एकदम थांबला. स्टँडावरचा आवाज थांबत नसतो. मी इतकी वर्षं त्याच्यावर ओरडत आलोय, मला ठाऊक आहे. बाहेर आलो तर फलाटावर माणूस नाही. चपला होत्या. जो जिथं उभा होता तिथं त्याच्या चपला – तिकीटखिडकीसमोर रांगेत, पाण्याच्या टाकीशी, एक गाडीच्या पायरीवर आणि एक खाली. देवळात शिरताना काढतात तशा. माणसं कुठल्या देवळात शिरली ते मला कुणी सांगितलं नाही.

गावभर तेच. म्हशी राहिल्या, कुत्री राहिली, कबुतरं राहिली. पंचांगवाल्या शास्त्रीबुवांच्या घरी गेलो, म्हटलं, निदान शाबासकी तरी द्यावी. उंबऱ्यात खडावा!

शेवंता, माझी बायको, तेव्हा माहेरी गारगोटीला होती. दोन दिवस आधी मीच तिला गाडीत बसवलं. "जग बुडायचंच असंल तर भावाला भेटून तरी येते," म्हणाली. मी म्हटलं, जा, मंगळवारी मी स्वतः न्यायला येतो. पण तिथनं हलू नको. एकटीच गाडीत बसलीस आणि मी इकडनं निघालो तर चुकामूक व्हायची. हा माझा नियम साऱ्या जिल्ह्याला पाठ आहे. जत्रेच्या गर्दीत रोज नवराबायको हरवायची, मायलेकरं हरवायची, आणि मी पुकारायचो – एकानं जागेवर थांबावं, दुसऱ्यानं शोधावं. दोघंही शोधत सुटली की संपलं.

गाडी हलली तेव्हा तिनं खिडकीतनं मान हलवली. "न्हाय हलत. तुमी या मातर."

तो मंगळवार गेला. मी गेलो नाही. त्यानंतरचे मंगळवारही गेले.

बुधवार, १४ मार्च

म्हैस फलाट दोनवरच बसते. गारगोटीच्याच. तिचं रेडकू बाकाखाली. मी तिला साहेबीण म्हणतो, कारण काहीही सांगितलं तरी रवंथ करते आणि मान दुसरीकडं फिरवते.

दूध काढायला शिकलो. पहिल्या दिवशी लाथ, दुसऱ्या दिवशी लाथ, तिसऱ्या दिवशी दोघांनाही कंटाळा आला. पूर्वी कट्ट्यावर जायचो, गवळी समोर धार काढायचा आणि पेला फेसासकट तोंडाला. मिशी पांढरी करून घरी गेलं की शेवंता पदरानं पुसायची. आता फलाट दोन हाच कट्टा. मिशी आपली आपणच पुसायची.

सोमवार, १९ मार्च

गारगोटी काय विलायत नाही. सायकली गावभर पडल्यात. सावकाश चालत गेलं तरी दोन दिवसांची वाट. गाडीनंही जाऊन बघणार होतो – पहिल्याच आठवड्यात एक चालू केली. पुकारणं वेगळं, चालवणं वेगळं! गाडी थेट अण्णासोच्या कँटीनमध्ये. अजून तिथंच आहे, तोंड चहाच्या कपाटात खुपसून. अण्णासो असता तर माझा जीवच घेतला असता. घ्यायला हवा होता त्यानं.

पण ही सगळी सोंगं. जात नाही ते भीतीनं.

तिच्या चपला मी कुठंही ओळखीन. डाव्या पट्ट्याला लाल गोंडा आहे, उजव्याचा मांजरानं पळवला. त्या जर तिच्या भावाच्या उंबऱ्यात दिसल्या तर? मी इथं आहे तोवर ती गारगोटीत आहे. ज्वारी निवडत असेल, भावजयीला नावं ठेवत असेल. तिथं पोचलो की ती कुठंच नसेल. म्हणून रोज तिची गाडी पुकारतो आणि स्वतः जागचा हलत नाही. भित्रा माणूस आहे मी. लिहून ठेवतो. वाचायला कोण बसलंय?

बुधवार, २१ मार्च

चंद्र पुरा वाटला. म्हणजे होळी. एकट्यानं बोंब मारून बघितली. तिचा प्रतिध्वनी रंकाळ्यावरनं आला असावा. इतका उशिरा आला की मी दचकलो.

शनिवार, २४ मार्च

माझ्या चपला चोरीला गेल्या!

मारुतीसमोरनं! तेल घालून बाहेर आलो, सवयीनं पाय पुढं केला – पायाखाली फरशी. आधी शिवी आली तोंडात. "कुठल्या भामट्यानं रे –" आणि तिथंच मटकन खाली बसलो. चोर आहे! म्हणजे माणूस आहे! कुत्रं एक चप्पल नेतं, जोड नेत नाही. आणि कुत्रं आपल्या चपला बदली ठेवून जात नाही.

हो, ठेवल्यात. माझ्या होत्या त्याच जागी. लहान पावलाच्या, बाईच्या. टाचा पार झिजलेल्या, एकीचा अंगठा तुटलेला, चिंधीनं बांधलेला. हातात घेऊन उलट्यासुलट्या केल्या. गोंडा नाही, गोंड्याची खूणही नाही. पाऊलही तिच्यापेक्षा आखूड. शेवंताच्या नव्हेत.

किती वाईट वाटलं! आणि किती हायसं वाटलं! दोन्ही एकदम होतं हे मला ठाऊक नव्हतं.

एक मात्र कळत नाही. गावभर चपलांचा सडा पडलाय. पाहिजे त्या मापाच्या, रांगेनं लावलेल्या. मग माझ्याच का?

रविवार, २५ मार्च

नियमाप्रमाणे पुकारलं. "मारुतीसमोरून चपला नेणाऱ्या इसमाने ताबडतोब चौकशी खिडकीशी हजर व्हावे, अन्यथा पोलिसात देण्यात येईल." कर्ण्यातनं, चारी दिशांना. मग दिवसभर चौकशी खिडकीत ताठ बसलो. कुणी फिरकलं नाही. पोलीस कुठनं आणणार होतो देव जाणे. चौकीसमोर नुसते बूट आहेत – तेही सावधान उभे.

मंगळवार, २७ मार्च

आज करकर ऐकली.

सकाळची कागल पुकारून झाली होती. कर्णा खाली ठेवला आणि स्टेशनच्या बाजूनं – करकर, करकर. माझ्याच चपला! माझंच चालणं, पण माझ्याशिवाय. सैल, फरफटत, माप मोठं पडत असणार. शेवंताला रोज हेच ऐकू यायचं तर. बरं वाटत असेल का तिला, की भाकरीची घाई होत असेल? कधी विचारलं नाही.

अनवाणीच धावलो. आवाज थांबला. चपला हातात घेऊन पळाली असणार. "अवो पावणं! थांबा की!" म्हणून ओरडलो. कोपऱ्यावर पोचलो तर बंद दुकानं आणि एक कुत्रं. खडे टोचून पाय रक्ताळले. वाटेत किती चपला पडल्या होत्या. एका जोडात पाय घालायला गेलो आणि मागं घेतला. नाही घालवत. गेलेल्या माणसाची जागा आहे ती, आपण कोण?

गुरुवार, २९ मार्च

दाढी केली. तोंड निघालं खालनं, ओळखीचं होतं.

विचार केला. एखादी बाई. एकटी. भोवती गाव ओस, आणि एक खाकीतला माणूस दिवसभर नसलेल्या गाड्या पुकारतोय, वर पोलिसात देतो म्हणतोय, आणि दिसली की अनवाणी अंगावर धावतोय. मी तरी आलो असतो का?

दुपारी पुकारलं: "पावण्यांनी घाबरू नये. पोलिसाचं रागाच्या भरात बोलून गेलो. चपला ठेवाव्यात. मारुतीसमोर भाकरी आणि दूध ठेवलेलं आहे." असलं पुकारणं कुठल्याच नियमात बसत नाही. शेवटी आवाज थोडा चिरकला. साहेबीण बघत होती.

शुक्रवार, ३० मार्च

भाकरी गेली! लोटा घासून, उपडा घालून ठेवलेला. लोटा असा उपडा बघून रडलो. लोट्यासाठी माणसानं रडावं?

रविवार, १ एप्रिल

आयुष्यात पहिलं कुलूप फोडलं. चपलांच्या गल्लीतल्या बाळासोचं दुकान. बाळासो माझा जुना दोस्त, रागावला तर म्हणेन, बाबा, आधी परत ये, मग रागाव. गाडीच्या टॉमीनं, त्या लोखंडी दांड्यानं, दोन घाव घातले आणि फळ्या काढल्या. आत चामड्याचा वास तसाच कोंडलेला. नव्या चपला, कुणीच न घातलेल्या. तिच्या झिजक्या चपला मापाला नेल्या होत्या. टाच बाहेरच्या अंगाला झिजलीय, म्हणजे ओझं वाहायची सवय, एका काखेला. मऊ पट्ट्याचा जोड निवडला. स्वतःसाठीही घ्यावा म्हणून हात घातला होता. मग नाही घेतला. माझ्या परत येणार आहेत असं कुठंतरी वाटत होतं.

मारुतीचं तेल उरतं ते चपलांना पाजतोय. नवं चामडं हट्टी, चार दिवस तरी तेल पिणार. भाकरी रोज जाते, लोटा रोज उपडा. मी मुद्दाम त्या बाजूला बघत नाही. पाखराला दाणे टाकले की आपण तोंड फिरवायचं असतं.

आज राधानगरी पुकारताना वाटलं, कुणीतरी ऐकतंय. लगेच छाती काढून पुकारली.

गुरुवार, ५ एप्रिल

पाडवा आजच असावा. अमावास्येवरनं हिशेब केलाय, चुकला असेल तर शास्त्रीबुवांनी येऊन सांगावं. गाड्या धुवायच्या ब्रशाच्या काठीला शेवंताचं हिरवं लुगडं बांधलं, कडुलिंब बांधला, साखरेच्या गाठीऐवजी गुळाचा खडा. फलाट दोनवर गुढी. साहेबिणीनं कडुलिंब खाल्ला – जग संपल्यावरही सण रीतीनं करणारी ती एकटीच.

मारुतीपाशी गेलो तर भाकरी गेलेली आणि तिच्या जागी चिंधीची पुरचुंडी. सोडली. हिरव्या बांगड्या!

दुपारभर राग आला. मला बांगड्या? हातात भरा म्हणते? माझं गारगोटीचं तिला काय ठाऊक? मग राग गेला. ठाऊक असो नसो, म्हणाली ते खरंच आहे. बांगड्या खिशात घालून फिरतोय, चालताना किणकिणतात.

शनिवार, ७ एप्रिल

काल तिच्या नव्या चपला मारुतीसमोर ठेवल्या. आज तेल घालायला गेलो तर त्या नाहीत. आणि माझ्या परत आल्यात! पुसून, जोडीनं, बाहेर तोंड करून – नुसता पाय घालायचा आणि निघायचं.

पाय घातले. करकरल्या. मोठी गंमत वाटली. स्टँडाला दोन फेऱ्या मारल्या, विनाकारण.

मंगळवार, १० एप्रिल

गाढव आहे मी.

तिला चपला पाहिजे होत्या, मिळाल्या. आता ती कशाला येईल? नव्या चपलांना आवाज नाही. ती आसपास आहे की निघून गेली, काही कळायला मार्ग नाही. कालची भाकरी कावळ्यानं खाल्ली. आजची वाळली. चोरी परवडली, परतफेड नको!

दिवसभर पुकारलं. बेळगाव, सांगली, मिरज, आपल्याकडनं कधी सुटत नव्हत्या त्याही. ती कुठं आहे ते ठाऊक नाही म्हणून चारी दिशांना, पुनःपुन्हा.

बुधवार, ११ एप्रिल

घसा बसला. तोंडातनं नुसती हवा.

गुरुवार, १२ एप्रिल

आज गारगोटी पुकारली नाही. पहिल्यांदाच. आवाजच नाही. चौकशी खिडकीत टेबलावर डोकं टेकून बसलो होतो.

"ओ सायेब. आज गारगोटी न्हाय व्हय?"

इतक्या वर्षांची सवय काय असते बघा. मान वर न करताच ओठ हलले – 'लागली की पुकारू.' आवाज आला नाही म्हणून, नाहीतर तिला तसंच घालवलं असतं. मग मान वर केली.

एक म्हातारी. डोक्यावरनं पदर, काखेत बांगड्यांचं गाठोडं, पायात मी तेल पाजलेल्या चपला. खिडकीच्या गजांतनं माझ्याकडं वाकून बघत होती.

"रोज पुकारतासा. आज आवाज न्हाय. म्हटलं, ह्यो बी गेला का काय. चपला तेवढ्या उरल्यात का बघावं, म्हणून आले."

मी पाय उचलून दाखवले. चपलांत पाय होते. म्हातारी हसली, मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही. मध्ये गज तसेच. दार उघडायचं कुणालाच सुचलं नाही.

इमामबी नाव तिचं. भुदरगडाच्या खेड्यांतनं बांगड्या भरत हिंडते, काखेतलं गाठोडं त्याचंच. मुलगा रशीद कबनूरला कापडाच्या मागावर कामाला होता. माणसं गेल्यावर ती मुरगूड-कागलावरनं कबनूरला चालत गेली, तिथनं इकडं आली. मी कुजबुजत विचारलं, भीती नाही वाटली? काय दिसेल याची?

"वाटली की. पर बघितल्याबिगर घास उतरंना." गाठोड्याची गाठ नीट केली. "मागापाशी हायत चपला. झाडून पुसून ठिवल्या. आन् आले."

पायात तेव्हा तिच्या चिंधीच्या चपला होत्या. पोराच्या समोर होत्या, त्या घातल्या नाहीत. आता मला कळलं. तरी विचारलंच – गावभर पडल्यात, मावशी, माझ्याच का नेल्यास?

"गेलेल्याच्या पायातलं घालू ने, दादा. तुमची जित्या माणसाची. आन् शनवारी देवळाम्होरनं चपला गेल्या की पीडा जाती म्हणत्यात तुमच्यात. म्हटलं, ह्या येड्याची पीडा तरी जाईल." मग म्हणाली, "परत द्याचीच हुती. पोलिसात घालतो म्हणून वराडलासा, मग लपले."

आणि बांगड्या? "भाकरी रिकाम्या हातानं कशी घ्यावी? माझ्यापाशी तेवढंच हाय." मी काय समजलो होतो ते तिला सांगितलं नाही.

तिला दूध दिलं. पितापिता म्हणाली, "गारगोटीस्नंच आले मी. कोल्लापूरच्या ष्ट्यांडात गाड्या पुकारत्यात त्यास्नी एक निरोप –"

मी हात वर केला. थांब.

माझ्या हाताकडं बघितलं तिनं. 'उद्या,' मी ओठांनीच म्हटलं. निरोप बाईचा की बाईविषयीचा, ते तोंडावरनं कळतं का बघत होतो. म्हातारीच्या सुरकुत्यांत काय कळतंय. "बरं, उद्या," म्हणाली, आणि बायकांच्या खोलीतल्या बाकावर आडवी झाली. पोराच्या चपला पुसून आलेली बाई! आणि मी एक वाक्य ऐकायला भितोय.

उद्या ऐकतो. आजचा दिवस शेवंता गारगोटीत असू दे.

शुक्रवार, १३ एप्रिल

मी हो म्हणायच्या आत इमामबीनं सांगून टाकलं. ग्रह आले तेव्हा ती आणि एक बाई भिंतीतल्या धान्याच्या बिनखिडकीच्या बळदात उतरल्या होत्या, बांगड्यांच्या बदल्यात भात काढायला. दोघी वाचल्या. "चल म्हटलं माज्यासंगं. हालंना. न्यायला येनार हायत म्हंती, चुकामूक हुईल. रोज फाट्यावर गाडी बघत बसती." नवऱ्याचं नाव विचारलं, तर जग बुडालं तरी नाव घेईना! शेवटी उखाण्यात घेतलं –

गारगोटीच्या वाटंला सतरा वळणं,
केरबारावांचं पुकारणं नि माझं वाट बघणं.

केरबा. माझं नाव. किती दिवसांनी ऐकलं!

दोघांनी शोधत सुटू नये, हे सगळ्यांना सांगत आलो. दोघांनी थांबून राहू नये, हे सांगायचं राहिलं.

घसा अजून बसलेलाच. कर्णा इमामबीनं घेतलाय – "गारगोटीऽ! गारगोटीऽ!" कबुतरं उठली, साहेबीण उठली. बांगड्या खिशात. गारगोटीकडं निघालोय, चपला करकरतायत. शेवंतानं तवा ठेवावा.